पोस्टग्रेस हळू चाललंय? रॅम वाढवण्याआधी हे टप्पे, याच क्रमाने

‘सर्व्हर लटकतोय, रॅम डबल करू का?’ हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. विचारणारा बहुतेक वेळा डीबीए (डेटाबेस सांभाळणारा माणूस) नसतोच. ऑफिसात जो सॉफ्टवेअर लिहितो, त्याच्याच गळ्यात डेटाबेसही पडलेला असतो. तो आधी नेटवरून कुणाची तरी कॉन्फिग फाइल उचलून चिकटवतो, मग दिसेल त्या कॉलमवर इंडेक्स (ओळी पटकन सापडाव्यात म्हणून केलेली सूची) टाकतो, मग रॅम वाढवतो. नेमकी कुठली क्वेरी, म्हणजे डेटाबेसला दिलेली आज्ञा, हळू आहे हे शोधायला बसतो ते सगळं करून दमल्यावर. खाली जो क्रम दिलाय तो याच्या बरोबर उलटा आहे. आकडे आणि सेटिंगची नावं पोस्टग्रेस या डेटाबेसची आहेत. मायएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस वापरणाऱ्यांनी क्रम घ्यावा, आकडे घेऊ नयेत.

उदाहरणं बहुतेक एकाच कामातली आहेत. एक सहकारी पतसंस्था, व्यवहारांच्या टेबलात साधारण २ कोटी ओळी, आणि ऐन ३१ मार्चला न निघणारी रोजकीर्द.

## टप्पा १ : हात लावण्याआधीची तयारी

तक्रार नीट लिहून घ्या. ‘स्लो आहे’ ही तक्रार होत नाही. कुठला स्क्रीन, कुठलं बटण, किती सेकंद, कधीपासून, सगळ्यांना की एकाच शाखेला? ‘सोमवारी सकाळपासून’ असं उत्तर आलं की रविवारी रात्री काय झालं ते विचारा. निम्मी कामं इथेच उलगडतात.

बॅकअप रिस्टोअर करून बघा. बॅकअपची फाइल डिस्कवर दिसते म्हणजे बॅकअप आहे, असं नाही. दुसऱ्या मशीनवर ती उघडून व्यवहारांची शेवटची तारीख तपासा. ‘आमच्याकडे रेप्लिका आहे’ हेही उत्तर नव्हे. रेप्लिका ही मुख्य सर्व्हरची सतत जुळत राहणारी प्रत, त्यामुळे मुख्य सर्व्हरवर टेबल उडालं की तिच्यावरही ते काही क्षणांत उडतं.

कुठल्या सर्व्हरवर आहात ते डोळ्यांना दिसू द्या. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेच्या इंजिनिअरने रेप्लिका दुरुस्त करताना चुकून मुख्य सर्व्हरचीच डेटा डिरेक्टरी पुसली. मग बॅकअप शोधायला गेले तर नेहमीचे डम्प (बॅकअपच्या फाइली) व्हर्जनच्या गोंधळामुळे बनतच नव्हते. साधारण सहा तासांचा डेटा गेला. प्रॉडक्शनच्या टर्मिनलला लाल प्रॉम्प्ट द्यायला पाच मिनिटं पुरतात.

चालू सेटिंग नोंदवून ठेवा. इथे एक फसवी जागा आहे. ‘ऑल्टर सिस्टिम’ या आज्ञेने बदललेली सेटिंग पोस्टग्रेस-क्यूएल-डॉट-ऑटो-डॉट-कॉन्फ या वेगळ्या फाइलीत जातात, आणि ती फाइल मुख्य कॉन्फिग फाइलीवर मात करते. आधीच्या माणसाने तिथे काही लिहून ठेवलं असेल, तर तुम्ही मुख्य फाइलीत दिवसभर आकडे बदलत बसाल आणि ढिम्म काही हलणार नाही. म्हणून खरी किंमत फाइलीत न बघता पीजी-सेटिंग्ज या व्ह्यूमध्ये बघा. कुठल्या बदलाला रीस्टार्ट हवा आहे आणि तो अजून झालेला नाही, हेही तिथल्या पेंडिंग-रीस्टार्ट कॉलमात दिसतं.

> तपासा : एक वही किंवा फाइल उघडली का? वेळ, काय बदललं, आधीचा आकडा, नंतरचा आकडा. एका वेळी एकच बदल. दोन एकदम केलेत की कशाने फरक पडला ते देवालाही सांगता येणार नाही.

## टप्पा २ : मोजा, आणि बरोबर रकाना मोजा

पीजी-स्टॅट-स्टेटमेंट्स हे एक्सटेन्शन चालू करा. कुठली क्वेरी किती वेळा चालली आणि किती वेळ खाल्ला, याचा हिशेब ते ठेवतं. त्याचं नाव शेअर्ड-प्रीलोड-लायब्ररीज या सेटिंगमध्ये टाकून सर्व्हर रीस्टार्ट करावा लागतो, त्यानंतर डेटाबेसमध्ये ‘क्रिएट एक्सटेन्शन’ करायचं. रीस्टार्टची गोष्ट विसरून ‘चालत नाही’ म्हणणारे बरेच भेटतात. निदान एक पूर्ण कामाचा दिवस ते चालू द्या.

मग यादी काढा. बहुतेक जण ती सरासरी वेळेप्रमाणे लावतात आणि सर्वांत वर दिसणाऱ्या क्वेरीच्या मागे लागतात. एकूण वेळेप्रमाणे लावा. रोज एकदा चालणारा ४० सेकंदांचा रिपोर्ट दिवसाचे ४० सेकंदच खातो. २० मिलिसेकंदांची, निरुपद्रवी दिसणारी क्वेरी दिवसातून ५ लाख वेळा चालत असेल, तर ती १०,००० सेकंद, म्हणजे पावणेतीन तास खाते. अशा क्वेरीचा उपाय कित्येकदा डेटाबेसमध्ये नसतोच. ॲप प्रत्येक खात्यासाठी लूपमध्ये वेगळी क्वेरी मारत असतं, ती एकत्र करावी लागते.

जोडीला हळू क्वेरींची नोंद लॉगमध्ये घ्या. लॉग-मिन-ड्युरेशन-स्टेटमेंट मुळात बंद असतं. ५०० मिलिसेकंदांपासून सुरुवात करा. शून्य ठेवलंत तर प्रत्येक क्वेरी लॉगमध्ये जाईल, आणि गर्दीच्या सर्व्हरवर तो लॉग लिहिणंच नवं दुखणं होऊन बसेल.

> सावधान : ‘कॅश हिट ९९ टक्के आहे, म्हणजे डेटाबेस ठणठणीत’ हा समज सोडा. कॅश हिट म्हणजे डिस्कवर न जाता मेमरीतच सापडलेली डेटाची पानं. वाईट क्वेरी तीच पानं मेमरीतून लाखो वेळा वाचत असली, तरी हा आकडा सुंदरच दिसतो.

## टप्पा ३ : क्वेरी काम करतेय की थांबलीय?

एकच क्वेरी कधी पटकन येते, कधी मिनिटभर लटकते. अशा वेळी प्लॅन (क्वेरी कशी चालवायची याचा पोस्टग्रेसने आखलेला मार्ग) बघण्याआधी पीजी-स्टॅट-ॲक्टिव्हिटी, म्हणजे आत्ताच्या सेशनांची यादी, बघा. वेट-इव्हेंट-टाइप या रकान्यात लॉक दिसलं, तर क्वेरीचा दोष नाही. ती दाराबाहेर उभी आहे. आत कोण बसलंय ते पीजी-ब्लॉकिंग-पिड्स हे फंक्शन सांगतं.

आत बसलेला पाहुणा बहुधा ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ या अवस्थेत सापडतो. कुणीतरी बिगिन करून अपडेट मारला, कमिट केलं नाही आणि जेवायला गेला. असं सेशन लॉक तर धरून ठेवतंच, पण मेलेल्या ओळींची (अपडेट-डिलीटनंतर मागे उरलेल्या जुन्या प्रतींची) सफाईही अडवतं. आयडल-इन-ट्रान्झॅक्शन-सेशन-टाइमआउट मुळात बंद असतो, तो चालू करा.

अडकलेली क्वेरी चालू असेल तर आधी पीजी-कॅन्सल-बॅकएंड वापरा. नुसतं बसून राहिलेलं सेशन कॅन्सलला दाद देत नाही, त्याला पीजी-टर्मिनेट-बॅकएंड लागतं. लिनक्सचा ‘किल वजा ९’ मात्र कधीच नको. एका प्रोसेसला तसं मारलं की पोस्टग्रेस शेअर्ड मेमरी बिघडली असं धरून सगळीच कनेक्शन तोडतं आणि क्रॅश रिकव्हरीत जातं. एका शाखेचा प्रश्न सोडवताना सगळ्या शाखा बाहेर!

> सावधान : दिवसा ‘ऑल्टर टेबल’ मारताना आधी लॉक-टाइमआउट दोन-तीन सेकंदांवर ठेवा. तुमचा ऑल्टर एखाद्या लांबलचक सिलेक्टमागे थांबला, की त्याच्यानंतर आलेले साधे सिलेक्टही त्याच्या मागे रांगेत लागतात. बाहेरून बघणाऱ्याला सगळा सर्व्हरच गोठल्यासारखा दिसतो.

## टप्पा ४ : प्लॅन वाचा

आता क्वेरीसमोर ‘एक्सप्लेन ॲनालाइझ’ लावा, बफर्स पर्यायासह (किती पानं वाचली ते तो दाखवतो). हे नुसतं अंदाजपत्रक नाही, क्वेरी खरोखर चालते. डिलीट किंवा अपडेट तपासत असाल तर आधी बिगिन, शेवटी रोलबॅक. हे विसरून ओळी उडवलेले लोक मी पाहिले आहेत.

प्लॅन आतून बाहेर वाचायचा. सर्वांत आत सरकलेली ओळ आधी. वेळ आणि ओळींचे आकडे ‘लूप्स’ने गुणायला विसरू नका, कारण छापलेला आकडा एका फेरीची सरासरी असतो. नेस्टेड लूपच्या (एका टेबलच्या प्रत्येक ओळीमागे दुसरीकडे शोध घेण्याच्या) आत ०.०५ मिलिसेकंद दिसले म्हणून पुढे जाऊ नका. लूप्स ४ लाख असतील तर ते २० सेकंद झाले.

पतसंस्थेची रोजकीर्द १४ सेकंद घेत होती. व्यवहाराच्या वेळेवर इंडेक्स होता, तरी प्लॅनमध्ये पॅरलल सिक्वेन्शियल स्कॅन, म्हणजे काही प्रोसेसनी मिळून अख्खं टेबल वाचणं. फिल्टरने वगळलेल्या ओळी ६६,५४,०००, लूप्स ३. दोन वर्कर आणि मुख्य प्रोसेस मिळून तीन, म्हणजे जवळपास दोन कोटी ओळी वाचून टाकून दिल्या आणि हाती लागल्या ३८ हजार. वरच्या ‘गॅदर’ ओळीत प्लॅनरचा (प्लॅन आखणाऱ्या भागाचा) अंदाज होता सुमारे १ लाख, म्हणजे २ कोटींचा अर्धा टक्का. इतका गोल हिशेब दिसला की प्लॅनरकडे माहिती नव्हती, त्याने ठोकताळा लावला, असं समजायचं.

कारण क्वेरीतच होतं. अट अशी लिहिली होती की व्यवहाराच्या वेळेवर डेट फंक्शन लावायचं आणि ते ३१ मार्चशी जुळवायचं. कॉलम फंक्शनमध्ये गुंडाळला की त्या कॉलमचा साधा इंडेक्सही उपयोगी पडत नाही आणि त्याची आकडेवारीही. त्यांच्या प्रोग्रामरने मग डेट फंक्शनवरच इंडेक्स करून पाहिला, तर फंक्शन इम्युटेबल (त्याच इनपुटला कायम तेच उत्तर देणारं) हवं म्हणून पोस्टग्रेसने एरर दिली. बरोबरच आहे. कॉलम टाइमझोनसह होता, आणि एकाच क्षणाची तारीख मुंबईत आणि लंडनमध्ये वेगळी असू शकते.

उपाय एका ओळीचा. वेळ ३१ मार्च ००:०० किंवा त्यानंतरची, आणि १ एप्रिल ००:०० च्या आधीची. कॉलम उघडा राहिला, इंडेक्स लागला, रोजकीर्द ९० मिलिसेकंदांत आली. इथे ‘बिट्वीन’ वापरू नका. ३१ मार्च ते ३१ मार्च लिहिलंत तर फक्त मध्यरात्री ठोक्याला झालेले व्यवहार येतील. ३१ मार्च ते १ एप्रिल लिहिलंत तर १ एप्रिलच्या मध्यरात्रीचा व्यवहार जुन्या वर्षात शिरेल, आणि मग ऑडिटर तुम्हाला शोधत येईल.

सिक्वेन्शियल स्कॅन दिसला की घाबरून जाणं हीही चूकच. शाखांच्या ६० ओळींच्या टेबलला इंडेक्स लागला नाही तर तो प्लॅनरचा शहाणपणा आहे. निम्मं टेबल वाचायचं असेल तेव्हाही सरळ वाचणंच स्वस्त पडतं.

> तपासा : तीच क्वेरी दुसऱ्यांदा चालवली की पानं मेमरीत आलेली असल्याने ती आपोआप वेगाने चालते. बदलाआधी आणि बदलानंतर प्रत्येकी तीन-चार वेळा चालवा, आणि वेळेबरोबर बफर्सचा आकडाही ताडून बघा. तो फसवत नाही.

## टप्पा ५ : आकडेवारी आणि सफाई

प्लॅनमध्ये अंदाज १ ओळ आणि प्रत्यक्षात १५ लाख, अशी तफावत दिसली की इंडेक्सचा विचार थांबवा. आधी त्या टेबलवर ‘ॲनालाइझ’ चालवा, म्हणजे प्लॅनरकडची आकडेवारी ताजी होईल.

याच पतसंस्थेत एका विलीन झालेल्या संस्थेचे १५ लाख जुने व्यवहार शनिवारी रात्री चढवले. सोमवारी त्या नव्या शाखेचा प्रत्येक रिपोर्ट लटकला. ऑटोव्हॅक्यूम (सफाई आणि ॲनालाइझ आपोआप करणारं काम) चालू होतं, मग आकडेवारी शिळी कशी? हिशेब करा. आपोआप ॲनालाइझ होण्याची अट मुळात ५० ओळी अधिक टेबलच्या १० टक्के अशी आहे. २ कोटींच्या टेबलला म्हणजे २० लाख बदल हवेत. १५ लाखांत ती अट पुरीच झाली नाही. प्लॅनरच्या लेखी ती शाखा अस्तित्वातच नव्हती, म्हणून त्याने ‘असेल एखादी ओळ’ समजून नेस्टेड लूप निवडला. हाताने ॲनालाइझ चालवल्यावर पुढच्या मिनिटाला रिपोर्ट सुरू.

व्हर्जन बदलल्यावर सगळंच हळू झालं, या तक्रारीमागेही हेच असतं. पोस्टग्रेस १८ च्या आधी पीजी-अपग्रेड प्लॅनरची आकडेवारी नव्या व्हर्जनमध्ये नेतच नसे. अपग्रेडनंतर पूर्ण डेटाबेसवर ॲनालाइझ हा कामाचाच भाग धरा.

मेलेल्या ओळींच्या सफाईची मूळ अट याहून ढिली आहे, २० टक्के. आपल्या टेबलला ४० लाख मेलेल्या ओळी साठेपर्यंत झाडू फिरणार नाही. अशा मोठ्या टेबलपुरता स्केल फॅक्टर (हीच टक्केवारी, २० टक्के म्हणजे ०.२) ०.०२ किंवा त्याहून कमी करा. सगळ्या डेटाबेसचा बदलायची गरज नाही.

इथे लोक हमखास उलटं करतात. ‘ऑटोव्हॅक्यूम डिस्क खातं’ म्हणून ते बंदच करून टाकतात. ते सारखं चालताना दिसतंय कारण काम साठलंय. बंद केलंत तरी ट्रान्झॅक्शन क्रमांकांचं वय २० कोटींवर गेलं की पोस्टग्रेस ते स्वतःहून सुरू करतं, कारण हे क्रमांक ३२ बिटांचे आहेत आणि ते गुंडाळून परत सुरुवातीवर येऊ देणं परवडणारं नाही. हा झाडू बहुधा नेमका गर्दीच्या वेळी निघतो.

व्हॅक्यूम होऊनही मेलेल्या ओळी कमी होत नसतील तर कुणीतरी त्यांना धरून बसलंय. टप्पा ३ मधलं जेवायला गेलेलं सेशन शोधा. नसेल तर बंद पडलेल्या रेप्लिकाचा राहून गेलेला रेप्लिकेशन स्लॉट (रेप्लिका कुठवर पोचली त्याची मुख्य सर्व्हरवरची नोंद) शोधा. हा स्लॉट वॉल फाइली (बदलांच्या नोंदी) साठवत डिस्कही भरून टाकतो.

> सावधान : ‘व्हॅक्यूम फुल’ हे जोरदार व्हॅक्यूम नव्हे. ते टेबल नव्याने लिहून काढतं, तोवर वाचणंसुद्धा बंद, आणि नव्या प्रतीपुरती मोकळी डिस्क आधी हवी. डिस्क भरत आलीय म्हणून व्हॅक्यूम फुल मारणं म्हणजे आगीत तेल.

## टप्पा ६ : इंडेक्स

क्वेरी सरळ झाली, आकडेवारी ताजी झाली, तरीही प्लॅन खूप ओळी वाचून फेकतोय, तर आता इंडेक्स.

चालू सर्व्हरवर साधा ‘क्रिएट इंडेक्स’ त्या टेबलवरचं लिहिणं पूर्ण होईपर्यंत अडवतो. ‘कंकरंटली’ लावा. त्याला वेळ जास्त लागतो, ट्रान्झॅक्शन ब्लॉकमध्ये तो चालत नाही आणि मधेच पडला तर अर्धवट, अवैध इंडेक्स मागे ठेवतो. तो कुणी वापरत नाही, पण प्रत्येक नोंदीला त्याचा भुर्दंड पडू शकतो. पीजी-इंडेक्स कॅटलॉगमध्ये इंडइजव्हॅलिड रकाना बघून असे इंडेक्स काढून टाका.

दोन-तीन कॉलमांच्या इंडेक्समध्ये क्रम महत्त्वाचा. बरोबरीच्या अटीचा कॉलम आधी, ‘पासून-पर्यंत’वाला नंतर. शाखा आणि मग वेळ. वेळ आधी ठेवलीत तर त्या काळातल्या सगळ्या शाखांच्या नोंदी चाळाव्या लागतात.

फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या ओळीचा संदर्भ) टाकली की इंडेक्स आपोआप बनतो, हा गैरसमज मायएसक्यूएलवरून आलेल्यांचा. पोस्टग्रेस मूळ टेबलच्या प्रायमरी कीवर बनवतं, संदर्भ देणाऱ्या कॉलमवर नाही. त्यामुळे एक सभासद डिलीट करताना पोस्टग्रेसला व्यवहारांचं अख्खं टेबल चाळावं लागतं.

काउंटरवर ‘मोबाइलचे शेवटचे चार आकडे’ घेऊन शोधतात. सुरुवातीला टक्क्याचं चिन्ह असलेल्या लाइकला साधा इंडेक्स लागत नाही. उजवीकडचे चार आकडे काढणाऱ्या राइट फंक्शनवर इंडेक्स बनवा आणि अटही तशीच लिहा.

आणि इंडेक्स फुकट नसतो. दर इन्सर्टला तो लिहावा लागतो, आणि सतत बदलणाऱ्या कॉलमवर तो टाकलात तर अपडेटचा स्वस्त, इंडेक्सला हात न लावणारा मार्गही बंद होतो. न वापरलेले इंडेक्स काढताना एकच पथ्य आहे. वापराची मोजणी कधीपासूनची आहे आणि रेप्लिकावर काय दिसतं, दोन्ही बघा. वार्षिक अहवालाचा इंडेक्स जूनमध्ये बेकारच दिसणार.

## टप्पा ७ : सेटिंग, सगळ्यांत शेवटी

शेअर्ड बफर्स, म्हणजे पोस्टग्रेसची स्वतःची कॅश. मुळात १२८ एमबी असतात. डेटाबेससाठीच ठेवलेल्या सर्व्हरवर रॅमच्या २५ टक्क्यांपासून सुरुवात करा. ऑपरेटिंग सिस्टिमची कॅशही पोस्टग्रेसच्याच कामी येते, त्यामुळे ४० टक्क्यांपुढे जाऊन सहसा काही मिळत नाही.

वर्क मेम, म्हणजे सॉर्टसारख्या कामाला मिळणारी मेमरी. सर्वांत जास्त सर्व्हर याने पडतात. मुळात ४ एमबी. ही मर्यादा ना पूर्ण सर्व्हरची, ना एका कनेक्शनची. ती प्रत्येक सॉर्टला वेगळी लागू होते आणि हॅशला तर त्याहून जास्त मिळते. ६४ एमबी ठेवली, २०० कनेक्शन, प्रत्येकात दोन सॉर्ट, म्हणजे २५ जीबी, आणि शेअर्ड बफर्स वेगळेच. ३२ जीबीच्या मशीनवर महिनाअखेरीला लिनक्सचा ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोसेस मारणारा) येतो आणि पोस्टग्रेसलाच उचलून नेतो. प्लॅनमध्ये सॉर्ट डिस्कवर गेलेला दिसला, तर फक्त त्या रिपोर्टच्या ट्रान्झॅक्शनमध्ये ‘सेट लोकल’ने वाढवा.

इफेक्टिव्ह कॅश साइझ. याने मेमरीचा एक बाइटही राखून ठेवला जात नाही. हा फक्त प्लॅनरला सांगितलेला अंदाज आहे.

रँडम पेज कॉस्ट, म्हणजे विखुरलेलं पान वाचायची प्लॅनरने धरलेली किंमत. मूळचा ४ हा आकडा फिरत्या डिस्कच्या हिशेबाचा. एसएसडीवर १.१ च्या आसपास आणा.

मॅक्स कनेक्शन्स. १०० संपले म्हणून ५०० करणं हा उपाय नाही. प्रत्येक कनेक्शन म्हणजे एक वेगळी प्रोसेस. मध्ये पीजीबाउन्सर (मोजकी कनेक्शन सगळ्यांत वाटून देणारा प्रोग्राम) बसवा. ट्रान्झॅक्शन पूलिंग (दर ट्रान्झॅक्शनला वेगळं कनेक्शन मिळू शकणं) वापरत असाल तर सेशनपुरत्या ‘सेट’वर ॲप अवलंबून नाही ना, ते आधी तपासा.

एफसिंक (डेटा खरंच डिस्कवर पोचल्याची खात्री करणं) बंद करा असा सल्ला कुठेही वाचलात तर ते पान बंद करा. वीज गेली की डेटाबेस बिघडू शकतो, आणि आपल्याकडे वीज जाते.

> तपासा : बदललेलं सेटिंग पीजी-सेटिंग्जमध्ये दिसतंय का? पेंडिंग-रीस्टार्ट रिकामं आहे का? लॉगची मर्यादा पुन्हा जागेवर आणली का? पीजी-स्टॅट-स्टेटमेंट्स रीसेट करून त्याची तारीख वहीत लिहिली का?

यानंतर एक पूर्ण महिनाअखेर जाऊ द्या आणि टप्पा २ मधली यादी पुन्हा काढा. वर आता वेगळीच क्वेरी असेल. तिच्या प्लॅनमध्ये वाया जाणाऱ्या ओळी नाहीत, अंदाज जुळतायत, लॉक नाही आणि तरी डिस्कवरून वाचलेल्या बफर्सचा आकडा मोठा आहे, तर रॅमचं कोटेशन मागवायला हरकत नाही. पतसंस्थेने ६४ जीबीचं मागवून ठेवलं होतं. ते अजून ड्रॉवरमध्येच आहे.